लाल उजेडात

डार्करूममध्ये काडी ओढता येत नाही,
म्हणून तंबाखू.
जीभ वळत नव्हती, तेव्हा फोटोच्या पाकिटाच्या पाठीवर
लिहून दिलं: विडीनं कागद खराब झाला असता.
डॉक्टर निरगुडेबाई हसल्या नाहीत.
किती वर्षं?
एकोणचाळीस.

दहीपुलाजवळ स्टुडिओ, मागे आठ बाय सहाची खोली,
खोलीत लाल दिवा.
लाल उजेड कागदाला दिसत नाही.
त्यात खुशाल ट्रे हलवा, घाम पुसा,
नोटांच्या प्रेसमध्ये लागलेल्या पोरांचे चेहरे
पाण्यातून वर येताना बघा.
कुणाचं वाकडं न करणारा उजेड.

बाई म्हणाल्या, औषध शिरेतून जाईल,
इतके बारीक कण, की केसाच्या जाडीत हजार बसतील.
ते गाठीत जमतील आणि गप्प राहतील.
मग आम्ही उजेड टाकू, नेमका तेवढ्यावर.
उजेड पडेल तिथेच ते जागे होतील,
तेवढंच जाळतील.
कसला उजेड? मी लिहिलं.
लाल.

मी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.
म्हणजे चांदीचेच भाऊबंद की हे.
कागदावरची चांदीही अशीच पडून असते, बाई,
वाट न बघता.
फक्त तुमची लालला ओळखते.

सोमवारी सुई टोचली. ऊन नको, ट्यूबसुद्धा नको.
पद्मानं माळ्यावरून कागदाच्या जुन्या पेट्या काढल्या,
आतला काळा कागद खिडक्यांना डकवला,
झरोक्याला गोधडी.
"जन्मभर अंधारात बसलात, हौस फिटली नाही?"

खिळ्याएवढं भोक राहिलं होतं.
दुपारी तीनला समोरच्या भिंतीवर अख्खी गल्ली उतरली,
उलटी:
भांडीवाल्याची हातगाडी चाकं वर करून गेली,
एक शाळकरी मुलगी छताला पाय लावून चालली,
तिची सावली तिच्या वर.
कवडसा अंगावर येऊ न देता, कोपऱ्यात सरकून
मी बराच वेळ बसलो.
मग भोकावर चिकटपट्टी लावली. शहाण्यासारखी.

गुरुवारी, गंगापूर रोडला,
डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात चिमटा.
"हलू नका," बाई म्हणाल्या.

हे वाक्य माझं आहे.
सिंहस्थातल्या साधूंना, दाखवायच्या मुलींना,
पासपोर्टवाल्यांना, आईच्या मांडीवरच्या तान्ह्यांना
मी ते हजारदा ऐकवलं,
आणि कुणीच कधी सांगितलं नाही
न हलणं एवढं जड असतं.

मनात मोजत राहिलो, सवयीनं:
एक हजार एक, एक हजार दोन.
तीनशेच्या पुढे ठेचा चोळल्यासारखी आग.
पाचशेला वाटलं, जास्त होतंय, काळं पडेल.
सातशे वीसला दिवा बंद झाला.

आता आरशात बघतो. जिभेच्या डाव्या कडेला
पांढरट खपली, आकार कुठल्यातरी बेटाचा.
रिपोर्ट पंधरा दिवसांनी.
धुऊन वाळल्याशिवाय काही बोलायचं नाही,
हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो.
दिवेलागणीनंतर टोपी घालून गंगेवर जाऊन येतो,
दुकानांच्या झगमगाटातून मान खाली घालून.

कागद अजून महिनाभर तसाच राहणार.
चिकटपट्टी मात्र काल पद्मानंच नखानं सोडवली,
खुर्ची कवडशापासून हातभर लांब ओढली
आणि स्वयंपाकघराकडे न बघता म्हणाली,
"या. गल्ली लागली."