मागचे सात दिवस

बांगडे वाळत घातलेल्या अंगणात
मला खुर्ची दिली, फुरकान स्वतः जाळ्यांच्या ढिगावर बसला.
टॅब्लेट चालू केला. प्रश्न माझे नाहीत,
वाचायचे मात्र मीच:
मागच्या सात दिवसांत
निदान एक तास तरी काम केलंत का?

वय तेवीस. आयटीआय, डिझेल मेकॅनिक, गुहागर.
'बुधवारी चाचांच्या होडीचं इंजिन उघडलं होतं,
दुपार गेली त्यात.
पैसे नाही घेतले. चाचांकडून कसे घेणार?'
मी यादी वर सरकवली, खाली सरकवली.
चाचांसाठी रकाना नव्हता.

मागं भाभी बांगडे पालटत होती,
पहाटेपासून, ऊन सरकेल तशी सरकत.
तिला विचारलं तर हसली,
'मी कुठं काय करते? घरीच तर असते.'
त्या खारट वासात बसून
मी 'घरकाम' दाबलं.

भाऊ जहाजावर, मुस्तकीम. फोन आला की बंदरांची नावं सांगतो.
स्पेनात कुठंतरी म्हणे संध्याकाळी धक्क्यावर पोरं बसलेली,
दाभोळच्या पोरांसारखीच, बूट तेवढे बरे.
हॉटेलं भरली की वेटर, पाहुणे गेले की पुन्हा धक्का.
बापाची नोकरी पक्की, पोराची सीझनपुरती.
'आणि हॅम्बुर्गात, बाई, सोळा वर्षांचा पोरगा
तीन दिवस कारखान्यात, दोन दिवस शाळेत.
हाताला ग्रीस लागतं, वर पगारही.
मी दोन वर्षं जे इंजिन शिकलो
ते भिंतीवर टांगलेलं होतं. कागदाचं.'

मग त्यानं मलाच विचारलं,
'सगळ्यात कमी बेकार कुठल्या देशात?'
प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं:
काही फार गरीब देशांत आकडा अगदी लहान असतो.
'एवढं काम आहे तिथं?'
नाही. तिथं बसून राहणं परवडत नाही कुणाला.
मिळेल ते ओझं उचलतात, टोपलीभर काहीतरी विकतात,
आणि कामावर आहेत म्हणून मोजले जातात.
बेकार राहायलाही ऐपत लागते,
दोन वेळा ताट वाढणारं कुणीतरी लागतं.

तो जाळ्यातली एक गाठ नखानं सोडवत राहिला.
'म्हणजे मी बेकार आहे
ते मुस्तकीमच्या पगारावर.'

काम शोधताय का, हा पुढचा प्रश्न.
'रोज जेटीवर विचारतो.'
मला हायसं वाटलं, उगाच.
शोधायचं थांबला असता
तर बेकारांतूनही नाव गेलं असतं त्याचं.

फेरी त्या दिवशी दुरुस्तीला. मला धोपाव्याला जायचं होतं.
त्यानं चाचांची होडी काढली.
खाडीच्या मध्यावर भरतीचं पाणी आडवं आलं,
इंजिन खोकलं, त्यानं हात आत घातला,
काय केलं कळलं नाही, पण आवाज सरळ झाला.
उतरताना मी शंभराची नोट धरली.
आधी नको म्हणाला, मग घेतली.

तासभर तरी लागला असेल.
मी टॅब्लेट काढला, त्याचं नाव उघडलं, आणि थांबले.
मागचे सात दिवस कालपर्यंतच मोजायचे असतात.
आजचा दिवस त्यात येत नाही.

'परत याल तेव्हा आजचं सांगेन,' तो म्हणाला.
माझं कंत्राट मार्चअखेर संपतंय,
हे बोलायचं राहून गेलं.
त्यानं दोरी ओढली.
इंजिन एका झटक्यात सुरू झालं.