लाल पट्टा

औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला
आम्ही लाल पट्टा बांधतो.
तिचं दूध टाकीत जाऊ द्यायचं नाही,
वेगळ्या बादलीत काढून शेणाच्या खड्ड्यात ओतायचं.
बाबांनी हे शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची.

आता त्रेचाळीस.
नवरा नाही, मूल नाही, चौऱ्याऐंशी गायी आहेत
आणि भाऊ वीबे,
जो माझ्याशी बोलताना ट्रॅक्टरकडे बघतो.

फेब्रुवारीत गोठ्याचा पत्रा माझं नाव घेऊ लागला.
हिस्के. हिस्के.
मग हुकूम सोडू लागला.
लेउवार्डनच्या दवाखान्यात सहा आठवडे,
रात्री एक गोळी, नंतर दोन.
पत्रा गप्प झाला.
खरं सांगते, घरी आल्यावर पहिल्या रात्री
ती शांतता ऐकून मी रडले.

मे महिन्यात, पहाटेच्या धारेला
शर्ट ओला.
वाटलं यंत्राची नळी गळतेय.
नळी तपासली. चांगली होती.

कासेला नुसता हात लावून मी सांगते
कुठली गाय कधी आटणार.
स्वतःच्या छातीला हात लावायला
नऊ दिवस लागले.
पातळ, निळसर. चीक नव्हे, पण दूधच.
मी, गावाच्या हिशेबात भाकड,
मला पान्हा फुटला होता
आणि समोर वासरू नव्हतं.

डॉक्टर डेकेमा वयाने माझ्या भाचीएवढी.
म्हणाली, गोळीने होतं असं कधीकधी,
शरीराची समजूत होते की बाळ झालंय.
पाळी?
ती थांबली होती; मी वयाच्या खात्यात मांडली होती.
आधी का नाही सांगितलंत?
तुम्ही झोप विचारलीत, वजन विचारलंत, आवाज विचारलेत.
हे विचारलं नाहीत.

ती लाल झाली. रक्त तपासू म्हणाली,
गोळी बदलू, पण हळूहळू,
मनाने बंद करू नका.
नाही करणार, म्हटलं.
तो पत्रा अजून डोक्यावरच आहे.

त्या संध्याकाळी, का कोण जाणे,
एक पट्टा मी स्वतःच्या घोट्याला बांधला
आणि सोडायला विसरले.
वीबेने पाहिला. ट्रॅक्टरकडे बघितलं.

सकाळी माझ्या गमबुटांवर एक खोकं होतं:
बाळंतिणी छातीशी ठेवतात त्या कापसाच्या चकत्या,
वर हसऱ्या बाळाचं चित्र.
दुकानात काय सांगितलं असेल त्याने?
किमतीची चिठ्ठी
नखाने खरवडून काढली होती.