जलचिन्ह

प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हा
साहेबांनी घड्याळ दिलं, युनियनने शाल
आणि रूथ त्रिभुवनने एक काडी,
बोटभर, ओल्या रुमालात गुंडाळलेली.
देवळाली कॅम्पात कुणा पारशिणीच्या
फाटकाबाहेर लोंबत होती म्हणे.
"जिरेनियम आहे. मागितली नाही, मोडली."

एकतीस वर्षं आम्ही शेजारी बसून
कागद उजेडाला धरले.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, जलचिन्ह तिरपं:
बाजूला.
घरी आल्यावर भाकरीसुद्धा मी
आधी खिडकीकडे करून बघायचे.

लावायची रीत तिनेच सांगितली.
पेराच्या खाली काप, खालची पानं काढ
आणि लगेच मातीत खुपसू नकोस,
अर्धा दिवस सावलीत पडू दे,
जखम सुकू दे.
तुळशीसारखं रोज पाणी नको.
हिला माया थोडी कमीच लागते.

मी ऐकलं नाही.
आठव्या दिवशी बूड काळं पडलं,
बोट लावलं तर शिजलेल्या शेवईसारखं मऊ.
रूथ काही बोलली नाही,
पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर
पुन्हा कॅम्पाच्या बसमध्ये बसली.

आता जेल रोडच्या या बाल्कनीत एकोणीस कुंड्या.
म्हणजे कुंड्या सातच,
बाकी रंगाचे डबे, कान तुटलेला कुकर,
नातवाची निळी बादली,
सगळ्यांच्या बुडाला तापल्या सळईची भोकं.
कात्री पिंपळगावच्या दिराची, द्राक्षं छाटायची.
थंडीत भरभरून फुलतात, एप्रिल लागला की
मी त्यांना ओढत ओढत
वॉशिंग मशीनच्या सावलीत नेते
आणि कंबर धरून शिव्या घालते.

ओळखायचं म्हणाल, तर पानावरून.
ज्याच्यावर तपकिरी नाल उमटलीय, ते साधं, उभं वाढणारं.
चकचकीत, कोनाकोनाचं, कठड्यावरून खाली सांडणारं, ते वेलाचं.
आणि कोपऱ्यातलं ते फाटक्या पानांचं,
फुलाला कंजूष,
पण पदर घासून गेला तरी
खोलीभर गुलाब.

गंगापूर रोडचा नर्सरीवाला सगळ्यांना एकच नाव लावतो.
पुस्तक म्हणतं, खऱ्या जिरेनियमच्या
पाचही पाकळ्या सारख्या.
हिच्या वरच्या दोन निराळ्या, खालच्या तीन निराळ्या.
हिचं नाव पेलार्गोनियम.
मला रात्रभर झोप नाही.
अख्खा लॉट चुकीच्या नावाचा!
सकाळी सहाला रूथला फोन लावला.
"अगं, रजिस्टरात मी शेवटपर्यंत रुथा होते,"
ती म्हणाली. "पगार आलाच ना?"

काचबिंदूने तिचा उजेड
कडांकडून खात आणलाय.
या जानेवारीत आली ती भाचीचा हात धरून.
आइसक्रीमच्या काड्यांवर मी नावं लिहिली होती
दोन शाईंत, सुवाच्य.
तिने त्या कोपराने पाडल्या
आणि एकेक पान चिमटीत धरत गेली.
हे मखमली. हे मेणचट. हे, थांब,
हे चिकट आहे आणि गुलाबाचं.
एकोणीसपैकी एकोणीस.

एका देठावर फूल गळून
टोकदार चोच राहिली होती.
सुकलं फूल दिसलं की मी देठासकट मोडते,
हात पुढे गेलाही होता.
"राहू दे," ती म्हणाली. बोट चोचीवरून फिरवत राहिली.
"नांदूर मध्यमेश्वरला आपली सहल गेली होती.
करकोचे होते.
तू डबा विसरली होतीस."

मग तिने नालवाल्याचं पान खुडून
माझ्या हातात दिलं.
"नाल तेवढी बोटाला लागत नाही.
ती तू सांग."

मी कठड्याशी गेले,
पान उजेडाला धरलं,
दोन बोटांत, जसं धरायचं तसं.
शिरा दिसल्या, कडेची लव दिसली.
म्हटलं, आहे. पण जराशी तिरपी आहे,
डावीकडे पुसट.

"पास कर," रूथ म्हणाली.