बिननावाची

पाणीगेटच्या भंगारात ती
कुलरच्या सांगाड्यांमध्ये डोकं खाली करून पडली होती.
"मरीन छे, साहेब," मुस्तफाभाई म्हणाला,
"बीजुं मने खबर नथी."
किलोनं देत होता. मी वर दोनशे ठेवले,
चालणारं यंत्र काट्यावर चढलेलं मला बघवत नाही.
चालणारं होतं की नाही, ते तरी कुठं ठाऊक होतं.

रिक्षातून आणली, मांडीवर आडवी.
वॉचमन म्हणाला, काका, बोअरला बसवायची का?
नाही रे. ती पाणी ओढते. ही पाण्याला मागं ढकलते.

बाल्कनीत जुन्या पलंगाची फळी उभी केली,
तिला दोन्ही शिकंजे आवळले.
पाटी असते तिथं रिबिटांची दोन भोकं.
कंपनी नाही, साल नाही, किती घोड्यांची तेही नाही.
बिननावाची, दोन्ही अर्थांनी:
नाव नाही, आणि जिच्या पाठीला लागायचं
ती नावही नाही.

टेप लावली. शिकंज्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत
पंधरा इंच. म्हणजे बुटकी, उथळ होडीची.
प्लग काढून भोकावर अंगठा दाबला, दोरी ओढली.
वरच्या सिलिंडरनं अंगठा उडवला,
खालच्यानं नुसती फुंकर घातली.
तळाचा स्क्रू सोडला तर पांढरं काही ठिबकलं.
डेअरीत चौतीस वर्षं पंप सांभाळले, दूध ओळखतो मी.
हे तेलात शिरलेलं पाणी. सील गेलं.

नखानं खरवडली. लालखाली निळा,
निळ्याखाली समुद्रपक्ष्यासारखा करडा.
"लाल म्हणजे फायर ब्रिगेडची," शालन म्हणाली.
लाल म्हणजे कुणाकडे उरलेला डबाही असू शकतो.
मग पाण्याच्या वाटेत पांढरी खपली सापडली.
जिभेला लावली.
"एवढंच राहिलं होतं," शालन.
खारट. म्हणजे खंबात, नाहीतर जाफराबाद.
आजव्याच्या गोड्या पाण्यातली नाही ही.
"मग ती नव्हे."
कुठली ती, हे मी विचारलं नाही.

विश्वामित्री फाटकातून आत आली होती त्या वर्षी,
दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मगर दिसली,
तिसऱ्या दिवशी होडी.
शिर्केवहिनींना डायलिसिसला न्यायचं होतं.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उतरवल्या.
कोपऱ्यावर इंजिन बंद पडलं.
पोरं दोरी ओढत होती, ओढत होती,
आणि मला गच्चीवरून ऐकू येत होतं
की ते पेट्रोल पिऊन बसलंय.
चोक आत ढकला, ओरडलो मी, आणि थांबा थोडं!
वर हेलिकॉप्टर. कुणी मान वळवली नाही.
शेवटी वल्ही काढली त्यांनी.
पोचल्या वहिनी. उशिरा पोचल्या.

तर डोक्याच्या कडेला रुपयाएवढं टोपण असतं,
त्यावर आकडे ठोकलेले. हे कुणी उपटून नेत नाही.
टूथब्रश, रॉकेल, शालनचं पोथीचं भिंग.
चार. शून्य. मग सात, किंवा एक.
पुढचं गंजानं खाल्लं.

रविवारी खाली निळा ड्रम भरला.
सील नवं, पंपाचं रबर नवं, सुरतेहून मागवलेलं.
चोक ओढून दोनदा, मग चोक आत.
थांबलो. साठ आकडे मोजले.
पुढच्या हिसक्याला ती खोकली, त्याच्या पुढच्याला
सगळी सोसायटी धुरानं भरली
आणि बाजूच्या बारीक भोकातून धार सुटली, करंगळीएवढी.
ही धार दिसली की समजायचं, आत पाणी फिरतंय.
मी बोट धरलं. कोमट.

दुसऱ्या मजल्यावर शिर्क्यांचा निरंजन उभा होता.
बराच वेळ बघत होता.
मग त्यानं खिडकी लावून घेतली.
आवाज फार होतो हिचा.