आधी कुणाचं दळलं

गिरणी चालू असली की माणसं बोलतात.
पट्टा फडफडत असतो, पत्रे थरथरत असतात,
शेजारच्याच्या कानाला तोंड लावल्याशिवाय
कुणाला काही ऐकू जात नाही,
म्हणून बोलतात.
गावात बोलायला आता एवढीच जागा उरली,
माझी, दहा बाय बाराची,
सिंदफणेच्या अलीकडं, शाळेच्या मागं.

बाहेर कुणी बोलत नाही.
महारुद्रच्या हॉटेलात एक गट बसतो,
नव्या टपरीवर दुसरा.
चहा दोन्हीकडं सारखाच गोड.
तिसरा माणूस आला की दोन्हीकडं
पावसाचा विषय निघतो,
ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

मतदानाच्या आदल्या रात्री दोघं आले,
वेगवेगळे, तासाच्या अंतरानं.
दोघांनी एकच विचारलं,
"वैनी, आपलंच ना?"
दोघांनाही मी म्हणलं,
"दळण ठेवून जा, सकाळी होईल."
दुसऱ्या दिवशी बोटाची शाई
पिठात बुडून गेली.
घरच्या माणसानंही विचारलं नाही.
विचारलं असतं तर
त्यालाही हेच सांगितलं असतं, दळण ठेवून जा.

पिठात उभं राहिलं की सगळे सारखे दिसतात
असं एक साहेब म्हणून गेले, फोटो काढता काढता.
नाही दिसत.
भुवया पांढऱ्या होतात,
चप्पल ओळखू येतेच.

परवा आश्रुबाची सून आली.
रांगेतल्या डब्यांवरची नावं
तिनं पहिल्यांदाच वाचली,
ओठ हलवत, पोरं धडा वाचतात तशी.
मग म्हणाली, "वैनी, आधी कुणाचं दळलं?"
मी म्हणलं, "बाजरी."
"कुणाचं पण?"
"बाजरीच होती बाई. पीठ जरा काळपट येईल,
पहिली ओंजळ बाजूला काढते."
ती माझ्याकडं बघत राहिली.
मी पट्टा चढवला.

दगडात मागच्याचं मूठभर राहतंच.
कापडाला कितीही थापट्या मारा,
राहतंच.
सासऱ्यानं गिरणी टाकली त्या सालापासून
या गावातलं प्रत्येक घर
दुसऱ्या घराचं मूठभर खात आलंय.
हे मी तिला सांगितलं नाही.
सांगायचं नसतं. गिऱ्हाईक तुटतं.

निकालाच्या संध्याकाळी गर्दी होती.
कौसाबाईची ज्वारी दगडात पडत होती
आणि भागवत निवृत्तीच्या कानाशी वाकून
काहीतरी रंगात येऊन सांगत होता.
लाईट गेली.
पट्टा थांबला, आवाज खाली बसला,
आणि भागवतचं वाक्य तेवढं
आपल्याच जोरात पुढं गेलं:
"त्यांच्या वस्तीचं पाणी आता बघतोच—"

कुणी खोकलं.
कुणी विचारलं, "लाईट गेली का?"
जसं काही दिसत नव्हतं.
निवृत्ती मोबाईलचा उजेड पाडून
वजनकाट्यावरचा आकडा वाचू लागला,
काट्यावर काही नसताना.
कौसाबाई त्याच वस्तीतली.
तिनं पदर नाकावर ओढला,
पिठासाठी ओढतात तसा,
आणि डब्याचं झाकण
उघडून लावलं, उघडून लावलं.

वीस मिनिटं असं.
एवढी माणसं, आणि मला
कणगीमागचा उंदीर ऐकू येत होता.

लाईट आली. दगडात दाणे अडकलेले,
मोटर ओढेना, हातानं चाक फिरवावं लागलं.
भागवत पुढं झाला, जोर लावला,
कुणाकडं न बघता.
तिचं दळण झालं.
डबा डोक्यावर घेताना, आवाजात,
माझ्या कानाला तोंड लावून तिनं विचारलं,
"माझ्यामागून कुणाचं हाय?"
मी म्हणलं, "गहू."

डबा भागवतचा होता.
पहिली ओंजळ
मी बाजूला काढली नाही.