एकसष्टावा किलोमीटर

फिश नदीच्या घळीत नदी उरली नाही,
डबकी आहेत, आणि बुटात वाळू.
वर आभाळाची चिंधी.
अंगठ्याचं नख सकाळीच गेलं.

पेट्रुस इसाक्स उकडलेला बटाटा
मिठात घोळवून हातावर ठेवतो.
"पुढे कोण आहे?" मी, धापा टाकत.
"पुढे बोंटा. माझी शेळी.
परवा ह्याच वाटेनं उतरली.
गळ्यात सार्डिनचा डबा, आत खडा.
ऐकू आला तर सांग."

मग अंधार, कपाळावरचा दिवा,
दिव्यापुरतीच पृथ्वी.
गुडघे माझं ऐकत नाहीत,
म्हणून मीच त्यांचं ऐकतो.
दोघे मागून आले, पुढे गेले.

आणि कड्याच्या पोटात उजवीकडे कुठेतरी
खुळ्ळ.
थांबतो.
खुळ्ळ.

शर्यतीच्या लाल फिती
डावीकडे वळतात.