फुटाला एक सूत

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले,
पंपाची घरं, फ्लायव्हील, चरकाची चाकं.
बीड ओतलं की थंड होताना आखडतं,
म्हणून फुटाला एक सूत जास्तीचं धरायचं.
माझी पट्टीच तशी, मुळात खोटी,
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून मोठा.
बायको म्हणायची, तुमचं सगळं मापच वाढीव.

आता उलटं. चोविसाला एक.
बोनेट तळहातावर मावतं,
चूक मात्र लहान होत नाही.
अर्ध्या सुताची फट राहिली
तर खऱ्या गाडीच्या दारात तीन बोटं जातील.

हत्यारं विकतची थोडीच.
अकरा नंबरचं ब्लेड, सीपीआरसमोरच्या औषधवाल्याकडून,
तो दर खेपेला विचारतो, मामा, ऑपरेशन कुणाचं?
गुजरीतल्या एका पोतदाराचा बोथट चिमटा.
दाताच्या डॉक्टरांनी टाकून दिलेल्या कोरण्या,
त्यांनी दारांच्या रेघा ओढतो.
पहिल्या हाताला नुसती वाट दाखवायची,
दाब सातव्या-आठव्याला.
खळगा पडला तर फेविक्विक, वर चिमूटभर खायचा सोडा:
चर्र होतं, डोळ्यांत झोंबतं, दगड होतो.
मग हजाराचा पॉलिशपेपर, ओला.
मग दीड हजाराचा.
मग डोळे मिटून अंगठा,
चष्म्याला न दिसलेलं अंगठ्याला लागतं.
रंग दुधासारखा पातळ हवा.
साय धरली की गाडी गेली.

जैनब मुल्लाणी आली ती एक फोटो घेऊन.
ॲम्बॅसॅडर, पांढरी, आंब्याच्या घाटात उभी,
बोनेट उघडं, वडील त्यात कंबरेपर्यंत.
तीस वर्षं कोल्हापूर-रत्नागिरी.
गाडी भंगारात गेली, किलोच्या भावानं,
आणि अब्बा आता खिडकीपाशी बसतात.
म्हणाली, डाव्या मागच्या दाराला पोचा होता.
तो पाहिजे.

शिवणीच्या लाकडातून बॉडी निघाली, पंधरा दिवस लागले.
सुभाषनगरातून चपलांच्या कातड्याची कात्रणं आणली,
तासून तासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी केली, सीटं झाली.
सायलेन्सरला इन्सुलिनची सुई.
एरियल मेणबत्तीवर ताणलेल्या प्लास्टिकचा धागा,
चार तुटले, पाचवा राहिला.
काचेला काही मिळेना.
जैनबनं जुना एक्स-रे दिला, अब्बांच्या छातीचा.
ब्लीचमध्ये घातला.
एकेक फासळी पाण्यात उतरली, काळं पाणी मोरीतून गेलं,
हातात राहिली निळसर, स्वच्छ फिल्म.
तिची पुढची काच कापली.
हे मी कुणाला बोललो नाही.

पोच्यानंच दमवलं.
सगळा जन्म सपाट करण्यात गेलेला हात,
त्याला खड्डा काढता येईना.
काढला की कोरल्यासारखा दिसे,
ठोकर बसल्यासारखा नाही.
तीन दारं फुकट गेली.
शेवटी वैतागून चिमट्याची मूठ आपटली
आणि बसला.

दस्तगीरचाचांनी गाडी दोन्ही हातांत घेतली.
पोचा चाचपला, काही बोलले नाहीत.
काचेतून आत बघितलं, काही बोलले नाहीत.
मग उताणी केली, खालून न्याहाळली, बराच वेळ,
मला वाटलं ॲक्सल चुकला.
"त्येल गळत न्हाई व्हय हिचं?"
न्हाई चाचा.
"मग ही आमची न्हवं."
आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत,
जैनब पाणी आणायला धावली.

घरी आणली. चेंबरखाली लाकडी पाटाची जागा धरली.
काळ्यात जरा तपकिरी,
टाचणीचं टोक.
थेंबाला चोविसावा हिस्सा कसा लावायचा
ते कुठल्याच पट्टीवर नाही.
एक पडला. मोहरीहून बारीक.
वाळायच्या आत
शेजारी अजून एक टेकवला,
फुटाला एक सूत धरतात तसा,
जास्तीचा.